घड्याळजी व्याह्यांना

१२ फेब्रुवारी

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार,

मी तुमच्या मुलीची सासू. एवढं वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल अशी भीती आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगते. ती बरी आहे. मला तुमच्याकडून काही नको आहे. मी आभार मानायला लिहितेय.

हे पत्र मी लिहितेय ते तिला माहीत नाही. ती औषधांच्या दुकानात कामाला गेली, की मी आपली वरच्या खोलीत एकटीच असते. फोन करणार होते, पण ती सांगते की तुम्ही फोन उचलत नाही. घंटी वाजली की चिमट्यातलं घड्याळाचं चाक खाली पडतं. मग म्हटलं, पत्र बरं. पत्र वाजत नाही.

नोव्हेंबरात मी दुकानाच्या जिन्यावरून पडले. आमचं पडद्यांचं दुकान खाली आणि घर वर आहे. कापडाचा ताका खांद्यावर, नजर भलतीकडे, आणि खुब्याचं हाड मोडलं. माझा मुलगा तेव्हा बाहेरगावी होता. तो पियानो दुरुस्त करतो, आणि पियानो काही स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे येत नाहीत. तेव्हा मला उचलण्यापासून पुढचं सगळं तुमच्या मुलीनं केलं. मला उठवणं, बसवणं, आंघोळ, आणि जे लिहायची लाज वाटते तेही. पोटच्या मुलाकडून मी ते करून घेतलं नसतं. ती मात्र गप्पा मारत मारत करायची, जसं काही आम्ही दोघी मिळून पलंगावरची चादर बदलतोय.

असं माणूस आपोआप घडत नाही. ते घडवणारे हात तुमचे आणि तिच्या आईचे. तिची आई आता नाही, म्हणून दोघांचे आभार तुमच्याच पदरात टाकते.

एक गंमत सांगते. संध्याकाळी झोपायच्या आधी मी एक स्तोत्र म्हणते, लहानपणापासून. त्या दिवशी दुखत होतं, मध्येच अडखळले, आणि पुढची ओळ काही केल्या आठवेना. ती औषधाची बाटली बंद करता करता पुढचं म्हणाली. तुमच्या हिब्रूत. मला शब्द कळले नाहीत, पण चाल कळली; जिथे मी श्वास घेते तिथेच तिनं घेतला.

मी म्हटलं, “अगं, हे तुझ्याकडे कुठून आलं?”

ती म्हणाली, “आई, तुमच्याकडे कुठून आलं ते आधी सांगा.”

मला हसू फुटलं आणि खुब्यात अशी कळ आली की विचारू नका. हसू मात्र थांबेना. आमच्या बायबलचा पहिला मोठा भाग तुमचाच आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं, आणि ते आपल्या उशाशी उभं राहून बाटलीचं झाकण लावताना बघणं वेगळं.

तिनं मला तुमच्याबद्दल सांगितलंय. लग्नाच्या दिवशी तुम्ही सुतकात फाडतात तशी सदऱ्याची कॉलर फाडलीत आणि मुलगी गेल्यासारखे जमिनीवर बसून राहिलात, तेही. ती हे रागानं सांगत नाही. मी तुम्हाला जाबही विचारत नाही. फक्त एक सांगते: ती गेलेली नाही. ती इथे आहे, जेवते, भांडते, आणि रात्री दाराची कडी दोनदा तपासते. ही सवय तुमची का हो?

आता खरी बातमी. अजून कोणाला सांगायचं नाही असं ती म्हणाली आहे, म्हणून मी फक्त तुम्हालाच सांगते. सप्टेंबरच्या अखेरीस आपण आजी-आजोबा होऊ. मला हात रिकामे ठेवायची सवय नाही, त्यामुळे मी एक छोटा झगा शिवूनही ठेवलाय.

आपली विहीण (मानलंत तर)


९ एप्रिल

व्याहीबुवांना नमस्कार,

तुमच्या चार ओळी मिळाल्या. इतक्यांदा वाचल्या की घडीवर कागद फाटायला आलाय. “पत्र मिळाले. तिची तब्येत कळली. आभार. आपण शिवलेला झगा कशासाठी आहे ते कळवावे.” तुम्ही तिचं नाव लिहिलं नाहीत, “ती” लिहिलंत. चालेल. “ती” म्हणजे आहे, नाही का.

झग्याचं शेवटी सांगते. आधी एक झालंय ते सांगू द्या, कारण ते मला तुमच्याशिवाय कोणाशी बोलता येत नाही.

परवा रविवारी मी पहिल्यांदा काठी टेकत चर्चला गेले. तुमची मुलगी हात धरून दारापर्यंत आली. ती नेहमी बाहेर थांबते, समोरच्या बाकावर. पण वारा भयंकर होता, म्हणून मी तिला म्हटलं, “निदान कमानीखाली तरी ये.” ती आली. आमच्या दाराच्या दोन बाजूंना दगडात कोरलेल्या दोन बायका आहेत. फार जुन्या. उजवीकडची मुकुटवाली, ताठ. डावीकडचीच्या डोळ्यांवर पट्टी, मान खाली, हातातली काठी मोडलेली, आणि दुसऱ्या हातातून दोन पाट्या निसटायला लागलेल्या. आम्ही पोरी होतो तेव्हा तिला “पट्टीवाली मावशी” म्हणायचो. मला तिची दया यायची. मला वाटायचं, ही कोणी आंधळी संत असेल. येता-जाता मी तिच्या पायाला हात लावायची. तिथला दगड गुळगुळीत झालाय, त्यात माझाही हात आहे.

मी सुनेला कौतुकानं दाखवलं, “ही आमची पट्टीवाली मावशी.”

तिनं ती पट्टी, ती काठी, त्या पाट्या एकेक करून पाहिल्या. मग अगदी साधेपणानं म्हणाली, “आई, ती आम्ही.”

“आम्ही म्हणजे?”

“आम्ही यहुदी. मुकुटवाली म्हणजे तुमचं चर्च. ही म्हणजे आमचं सिनेगॉग, आमचं प्रार्थनाघर. हिला समोर उभा असलेला येशू दिसत नाही, म्हणून पट्टी. आमचं राज्य संपलं, म्हणून काठी मोडलेली. आणि त्या पाट्यांवर आमचे नियम आहेत, ते आता हातातून गळून पडणार.”

चर्चमध्ये जाऊन बसले खरी, पण त्या दिवशी मी काय ऐकलं ते विचारू नका. आयुष्यभर ज्या दारातून गेले त्या दारानं मला कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे सांगत होतं, मीच वाचलं नव्हतं.

नंतर फादरना गाठलं. ते तरुण आहेत, तोंडावर खोटं बोलत नाहीत. म्हणाले, “तुमची सून बरोबर सांगते.” मग खुर्ची ओढून बसले आणि सांगत गेले. तुमच्या लोकांना बळजबरीनं आमची प्रवचनं ऐकायला बसवायचे. कपड्यावर खूण लावायला लावायचे. राजांनी तुमच्या लोकांना हाकलून देशच्या देश रिकामे केले. आणि येशूच्या मरणाचा आळ त्या वेळी जन्मलेही नव्हते अशांच्या पोरांवरही घातला. मी मध्येच म्हटलं, “पण येशू स्वतःच तर यहुदी होता.” फादर म्हणाले, “हो. आणि त्याची आई, आणि त्याचे सगळे सोबती. आपण हे दर रविवारी वाचतो आणि दर सोमवारी विसरतो.”

मग मला माझी आई आठवली. ती सांगायची की गुड फ्रायडेला चर्चमध्ये जगातल्या सगळ्यांसाठी प्रार्थना व्हायची आणि प्रत्येक प्रार्थनेला गुडघे टेकायचे; फक्त यहुद्यांसाठीची प्रार्थना आली की कोणी टेकायचं नाही. का, ते आईला माहीत नव्हतं. तिच्या आईनं टेकले नाहीत, म्हणून तिनं टेकले नाहीत. त्या प्रार्थनेचे शब्द आता बदललेत, देवाची कृपा. पण गुडघ्यांना काय काय लक्षात राहत असेल, कोण जाणे.

सून म्हणते की तुमचं लहानपण याच गावात गेलं, नदीपलीकडच्या गल्लीत. गुड फ्रायडेच्या आठवड्यात तुमची आई खिडक्या लावून घ्यायची आणि प्रार्थना सुटल्यावर पोरं पुलावरून दगड मारायची. त्या पोरांत माझ्या ओळखीचं कोणी होतं का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. गाव लहान आहे. असणारच.

तुम्ही आमच्या चर्चच्या दारावरून जाताना रस्ता ओलांडायचात का?

तर झगा. पांढरा आहे, लांब आहे, गळ्याशी बारीक टाके घातलेत. तो बाप्तिस्म्याचा आहे, कपाळावर पाणी घालून बाळाला आमच्यात घेतात तेव्हाचा. आमच्या घरात प्रत्येक बाळाला तसा शिवतात. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं फेब्रुवारीत मला वाटलं नव्हतं.

त्या मावशीबद्दल खरं सांगायला तुमची मुलगी माझ्या वाट्याला आली, याबद्दल आभार. दुसरी कोणी असती तर बाकावर बसून राहिली असती.

आपली विहीण


२१ जून

व्याहीबुवा,

तुमचं मोठं पत्र आलं तेव्हा मी एका हॉटेलसाठी खिडकीचे पडदे कापत होते. कात्री खाली ठेवली ती संध्याकाळपर्यंत तशीच होती.

तुमच्या पणजीच्या भावाची गोष्ट मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हळू. मूल तापानं फणफणलंय, आईबाप वैद्याला आणायला धावलेत, आणि घरातली मोलकरीण एकटी त्याच्याजवळ. ती आमच्यातली. तिला वाटलं, हे लेकरू आता जाणार, असंच गेलं तर देव त्याला घेणार नाही. तिनं भांड्यातलं पाणी कपाळावर शिंपडलं आणि ते शब्द म्हटले. मूल बरं झालं. काही वर्षांनी तिनं ते कोणाला तरी सांगितलं, आणि मग शिपाई आले. बाप्तिस्मा झालेलं मूल यहुद्यांच्या घरात वाढवायला परवानगी नव्हती. घेऊन गेले. त्याची आई दर आठवड्याला, त्याला ठेवलं होतं त्या मठाच्या भिंतीशी जाऊन उभी राहायची. तो पुढे फादर झाला आणि एकदा घरी आला, तेव्हा आईला म्हणाला, “तुमच्यासाठी प्रार्थना करतो.” “तुमच्यासाठी.” तुम्ही त्या शब्दाखाली रेघ ओढलीत.

आणि तुमचं ते वाक्य: “त्या बाईनं ते द्वेषानं केलं नाही, प्रेमानं केलं, हे लक्षात घ्या. आपण प्रेमळ आहात असं आपल्या पत्रांवरून दिसतं. मला भीती त्याचीच वाटते.”

आधी राग आला. म्हटलं, हा माणूस मला काय समजतो! मग संध्याकाळ झाली, आणि राग काही टिकला नाही. कारण तुम्ही मला अगदी बरोबर ओळखलंत. दुष्ट बाईला घाबरायला सगळ्यांनाच जमतं.

मग ऐका. तुमची मुलगी आणि माझा मुलगा यांनी ठरवलंय. बाळाला दोन्ही घरांतलं सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. बाप्तिस्मा मात्र नाही. मुलगा हे सांगायला आला तेव्हा त्याच्या हातात कुठल्याशा पियानोची तार होती, ती तो बोटाला गुंडाळत होता, लहानपणी खोडी करून आल्यावर करायचा तसा. मी म्हटलं, “बरं.” तो गेल्यावर मी रडले. तुमच्यापासून ते लपवणार नाही. ज्या पाण्यानं माझी आई, मी, माझा मुलगा देवाच्या घरात आलो, ते माझ्या नातवंडाला नाही. हे दुःख माझं आहे, ते मला ठेवू द्या. झगा मी ट्रंकेत टाकलाय, फेकलेला नाही.

माझी ताई तर पेटून उठली आहे. ती चर्चमध्ये गाते, आवाज मोठा आणि मतं त्याहून मोठी. म्हणाली, “त्या पोरांना काय कळतं? बाळ झालं की तुझ्याच मांडीवर असणार ना? जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, फादर लागत नाहीत. तीन वेळा पाणी आणि ते शब्द. कोणाला कळणार आहे?”

मी म्हटलं, “मला कळेल.”

“तुला कळून काय बिघडतं?”

मी आपली चहा टाकायला उठले. पण हे तुम्हाला सांगून ठेवते, कारण तुम्ही मला खरं सांगितलंत.

आता तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या भागाबद्दल. मधल्या एका चिठ्ठीत मी लिहिलं होतं की यहुदी धर्म आई आणि ख्रिस्ती धर्म मुलगी, असं फादर म्हणतात. त्यावर तुम्ही किती चिडलात! “हे गोड वाटतं, पण त्यात आई म्हातारी होते आणि घर मुलीच्या नावावर होतं. आम्ही म्हातारे झालो नाही, आम्ही फक्त थकलो. म्हणायचंच असेल तर जुळी भावंडं म्हणा. यरुशलेमचं मंदिर जळालं तेव्हा त्या एका घरातून दोघं बाहेर पडली. दोघांच्याही कपड्यांना धुराचा वास होता. एकानं म्हटलं, घर आता माझ्यात आहे. दुसऱ्यानं म्हटलं, घर आता पुस्तकात आहे. आणि मग कितीतरी वर्षं दोघं एकमेकांना ‘तू खरा वारस नाहीस’ असं ओरडत राहिली. पुढे एकाच्या हातात तलवार आली, एवढाच फरक. पण तो फरक फार मोठा.”

हे मी फादरना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “व्याह्यांना विचारा, मी हे रविवारी बोलू का, त्यांचं नाव न घेता.” मी तुमच्या वतीनं हो म्हणून टाकलंय. रागवा हवं तर.

आणि जुळी असतील, तर आपल्या पोरांचं लग्न नात्यातच झालं म्हणायचं! मग एवढा गहजब कशाला?

हसलात का? सून म्हणते तुम्ही हसत नाही, नाकातून हवा सोडता. तेवढंही पुरे.

तुमच्या मोठ्या पत्राबद्दल मनापासून आभार. माणूस आपल्या घरातलं इतकं जुनं दुखणं परक्या बाईला दाखवत नाही. तुम्ही दाखवलंत.

आपली विहीण


११ ऑगस्ट

व्याहीबुवा,

दारात उभा आहे तो माझा मुलगा. तुमचा जावई. त्याला आधी पाणी विचारा, पत्र नंतर वाचा. तो रात्रभर गाडीत बसून आलाय आणि भूक लागली तरी सांगणार नाही.

दोघी सुखरूप आहेत. हे पहिल्यांदा लिहिलं. आता सावकाश सांगते.

मुलगी झाली. ठरल्या वेळेच्या दोन महिने आधी. तुमच्या लेकीला दुकानात उभ्या उभ्या चक्कर आली, रक्तदाब चढलेला, तिथून थेट इस्पितळात नेलं आणि संध्याकाळच्या आत पोट उघडून बाळ काढलं. एवढंसं. माझ्या ओंजळीत मावेल असं. काचेच्या पेटीत ठेवलं होतं, नाकात नळी, छातीवर चिकटवलेल्या तारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजचा दिवस जाऊ दे, मग बोलू.” असं डॉक्टर कधी म्हणतात ते मला कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा सुनेजवळ होता. तिला अजून उठायला परवानगी नव्हती. बाळाजवळ मी. परिचारिका म्हणाली, “आजी, दहा मिनिटं बसा, मी पलीकडच्या बाळाला बघून येते. हात धुवून बाजूच्या भोकातून आत घालायला हरकत नाही. तिला स्पर्श कळतो.” आणि ती गेली.

खोलीत यंत्राचा आवाज होता, आणि ती, आणि मी. शेजारच्या टेबलावर माझ्या गोळीसाठी आणलेला पाण्याचा पेला.

मी तुम्हाला खरं सांगते. मी बोटं बुडवली.

त्या वेळी मी कोणाचं ऐकत नव्हते, ताईचंसुद्धा नाही. मला फक्त दिसत होतं की त्या छातीचा भाता कसा खालीवर होतोय, मध्येच थांबतोय, आणि परत सुरू होतोय. मला वाटलं, ही आत्ता गेली तर तिथे तिला कोणी ओळखेल का? मी जन्मभर ज्या देवावर विश्वास ठेवला त्याच्या दाराशी माझी नात अनोळखी म्हणून उभी राहील का? मी ओला हात काचेच्या भोकातून आत घातला. बोट तिच्या कपाळाच्या वर होतं. पाण्याचा थेंब बोटाच्या टोकाला आला होता.

आणि मला ती मोलकरीण दिसली. तुमच्या पणजीच्या घरातली. मी तिचा चेहरा कधी पाहिला नाही, पण तिचा हात पाहिला, कारण तो माझाच होता. तीही अशीच वाकली असणार. आणि तिलाही ते लेकरू असंच जिवाहून प्यारं असणार, नाहीतर ती कशाला एवढा खटाटोप करते? पण तिनं ज्या आईच्या मुलासाठी ते केलं, ती आई खोलीत नव्हती. आणि माझी सून खोलीत नव्हती. तिला उठता येत नव्हतं, म्हणून तिनं मला तिथे बसवलं होतं. माझा खुबा मोडला तेव्हा मी माझं सगळं शरीर तिच्या हाती सोपवलं होतं, आणि तिनं माझ्या संमतीशिवाय माझं एक बटणसुद्धा काढलं नव्हतं.

मी हात बाहेर काढला. रुमालाला बोटं पुसली, एक एक करून. मी म्हटलं, देवा, तुला तिची ओळख पटवायला माझं बोट लागत असेल, तर मी आजवर कोणाची प्रार्थना करत होते?

मग कोरडा हात परत आत घातला आणि तिच्या पाठीवर ठेवला. आणि काय बोलावं कळेना, म्हणून तिला तुमच्याबद्दल सांगत बसले. म्हटलं, “तुझे एक आजोबा आहेत. घड्याळं दुरुस्त करतात. फार तिरसट आहेत. मी मोठमोठी पत्रं लिहिली तर चार ओळी पाठवतात. पण एकदा चिडले की छान लिहितात. ते हसत नाहीत, नाकातून हवा सोडतात. तुला ते बघायला जगावं लागेल. मी नाही दाखवू शकत, मलाही अजून दिसले नाहीत.” असं बरंच काही. परिचारिका परत आली तेव्हा मी अजून बोलतच होते. ती म्हणाली, “चांगलं आहे. आवाज ऐकला की त्यांचे ठोके स्थिर राहतात.”

दिवस गेला. मग दुसरा गेला. काल नळी काढली. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पुढच्या महिन्याबद्दल बोलायला सुरुवात केली.

हे मी सुनेला सांगितलंय. बुडवलेल्या बोटांसकट. मला वाटलं होतं ती हादरेल. तिनं माझा हात घेतला, उलटसुलट बघितला आणि आपल्या गालाखाली ठेवून झोपली.

तुम्ही मला त्या मुलाची गोष्ट सांगितली नसतीत, तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. आणि मी ते आनंदानं केलं असतं, आणि माझी सून माझ्या घरात राहूनही माझ्यापासून किती दूर गेली असती याचा मला पत्ताही लागला नसता. तेव्हा त्या खोलीत मला तुम्ही अडवलंत. माझ्यावर विश्वास नसताना मला खरं लिहिलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही.

तिला अजून नाव नाही. तुमच्या लेकीचं म्हणणं, नाव आजोबांनी द्यायचं असतं. कुठल्या, ते ती बोलली नाही. माझे यजमान तर कधीच गेले. तुम्हीच समजा.

विहीण


२६ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

तुम्हाला माहीत असलेलंच लिहितेय. कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, आणि पत्राला विषय बदलता येत नाही.

मुलगा सांगतो, तुम्ही माझं पत्र दुकानात उभ्यानं वाचलंत. मग चष्मा काढलात, दारावरची पाटी उलटी फिरवलीत आणि त्याला म्हणालात, “परतीची गाडी किती वाजता?” त्याला आधी पाणी दिलंत की नाही, यावर तुमचं आणि त्याचं अजून एकमत नाही. मी दिलंत असं धरून चालते.

तुम्ही वॉर्डाच्या दारात उभे राहिलात ते मी विसरणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर इतके दिवस एक उंच माणूस होता. तुम्ही माझ्या खांद्याला लागता. तुमची लेक उशीवरून उठून बसली आणि “बाबा” म्हणाली. तुम्ही भिंतीकडे बघून म्हणालात, “हे घड्याळ मागे पडलंय.”

ती म्हणाली, “हो. मी पहिल्या दिवसापासून बघतेय.”

“मग कोणाला सांगितलं का नाहीस?”

“कोणाला सांगू, बाबा? घड्याळजी इथे नव्हता.”

आणि तुम्ही कोणाला न विचारता खुर्चीवर चढलात, घड्याळ उतरवलंत आणि तिच्या पलंगाच्या कडेवर बसून उघडलंत. ती तुमच्या पाठीला डोकं टेकून रडली आणि तुम्ही काटा हलवत राहिलात. मी आणि मुलगा बाहेर गेलो. परिचारिका विचारत होती, “हे दुरुस्तीवाले इस्पितळातून पाठवलेत का?” मी म्हटलं, “नाही हो, आमच्या घरचे आहेत.”

त्या संध्याकाळी इस्पितळाच्या पायरीवर आपण दोघं बसलो होतो. तुम्ही अचानक विचारलंत, “अजून भीती वाटते का? तिच्यासाठी?”

मी म्हटलं, “वाटते. तुम्हाला?”

तुम्ही म्हणालात, “मलाही. ती तुमच्या घरात वाढणार, पांढऱ्या झग्यांच्या. आणि कितीही चांगली असलात तरी बाहेर ते पट्टीवालीचं दार आहेच.”

“मग काय करायचं?”

“घाबरायचं,” तुम्ही म्हणालात, “पण गप्प बसून नाही. मोठ्यानं.” आणि नाकातून हवा सोडलीत. मी अखेर पाहिली. सून काही वाढवून सांगत नव्हती.

आता मागच्या शनिवारचं. तुमच्या गावी, तुमच्या सिनेगॉगमध्ये. बाळाचा नामकरणाचा आशीर्वाद. ती आता चांगली गुटगुटीत झालीय, आवाज तर ताईच्या वळणावर गेलाय. खरं सांगते, पायऱ्या चढताना मी मध्येच थांबले, आणि ते खुब्यामुळे नाही. माझ्या लोकांनी तुमच्या अशा जागांचं काय काय केलं ते आता मला माहीत आहे. वाटलं, कोणी म्हणेल, तुम्ही इथे कशाला?

बायकांच्या बाजूला जाऊन बसले. एकीनं पुस्तक दिलं. मी आपल्या सवयीनं डावीकडून उघडलं तर पुस्तकाचा शेवटच निघाला; हिब्रू उजवीकडून सुरू होते. शेजारच्या बाईनं न बोलता ते माझ्या हातात फिरवलं, पान काढलं आणि जिथे चाललं होतं त्या ओळीवर बोट ठेवलं. मला एक अक्षर येत नव्हतं. ती शेवटपर्यंत बोट सरकवत राहिली आणि मी ते बघत राहिले. पलीकडून तुमचा आवाज आला. तुम्ही मोठ्यानं नाव उच्चारलंत, बाळाचं, मग तिच्या आईचं. दोन्ही नावं, एका श्वासात, सगळ्या माणसांसमोर. माझ्या शेजारी बसलेल्या तुमच्या लेकीनं माझी बाही घट्ट धरली. इतक्या दिवसांत तुम्ही तिला नावानं हाक मारली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

नंतर सगळे अंगणात आले. एक म्हाताऱ्या बाई, पाठीत वाकलेल्या, बाळाला बघायला पुढे झाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

“आजी का बाळाची?”

“हो.”

“कोणाकडची?”

साधा प्रश्न. लग्नाकार्यात शंभरदा विचारतात. पण मुलाकडची म्हणावं, तर मुलगा कोण, तुम्ही कुठल्या, सगळंच सांगावं लागणार. आजूबाजूच्या बायका वळून बघत होत्या. काहींना माहीत असणारच.

तुम्ही चार पावलांवर चष्मा पुसत उभे होतात. मान वर केली नाहीत. काचेवर फुंकर मारलीत आणि म्हणालात,

“आमच्याकडची.”